शेऱ्याचा रकाना

लोकांच्या घरी जाऊन त्यांना नको ते प्रश्न विचारणं हा माझा धंदा होता. नोकरीच्या कागदावर माझं पद 'क्षेत्र-अन्वेषक' असं भारदस्त होतं. आमची आई शेजारणींना सांगायची, "सुमन दारोदार फिरते आणि चौकशा करते." आईचंच वर्णन जास्त बरोबर होतं. वडील टपालखात्यात, घरात रोज बुद्धवंदना आणि रोज वर्तमानपत्र. दोन्हींतून मला एक सवय लागली, कोणी काही म्हटलं की 'कशावरून?' असं विचारायची. या सवयीमुळे माझं लग्न जरा उशिरा झालं, पण नोकरी लवकर लागली.

आमची संशोधन संस्था सदाशिव पेठेत, एका शिकवणीवर्गाच्या वरच्या मजल्यावर. खाली बारावीची मुलं सूत्रं घोकायची आणि वर आम्ही महाराष्ट्र काय विचार करतो ते मोजायचो. पाण्याच्या टंचाईपासून पाळणाघरांपर्यंत मी सगळ्याच विषयांवर प्रश्न विचारलेत. पण आज निवृत्तीनंतर कोणी विचारलं की कुठलं काम लक्षात राहिलं, तर मी वणव्याचं नाव घेते. आणि ते काम चांगलं झालं म्हणून लक्षात राहिलेलं नाही. त्यात मी घोडचूक केली होती.

"पुण्यात कसला आलाय वणवा?" असं मला तेव्हा पुण्यातल्याच शहाण्यांनी विचारलं. अहो, पश्चिमेकडच्या टेकड्यांकडे माघ-फाल्गुनात एकदा मान वर करून बघा. कंबरेएवढं कुसळी गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. एक ठिणगी पुरते. दुपारचा वारा चढावर वाहतो, आणि आग त्याच्यासोबत माणसापेक्षा जोरात वर पळते. तो काळ संगणक कंपन्यांचा. टेकड्यांच्या पायथ्याशी बारा-बारा मजली सोसायट्या उगवत होत्या, आणि ज्यांनी आयुष्यात गॅसच्या शेगडीपलीकडे आग पाहिली नव्हती ती माणसं गवताला खेटून राहायला येत होती. या माणसांना आणि आधीपासून तिथे असलेल्या गावकऱ्यांना वणव्याचा धोका कसा वाटतो, ते त्याचं काय करतात, हे आम्ही शोधायचं होतं.

धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगते. प्रश्नावली म्हणजे नुसती प्रश्नांची यादी नव्हे. प्रश्न ज्याने लिहिला त्याचं डोकं त्यात असतं, आणि उत्तर देणाऱ्याला त्या डोक्यात कसंबसं स्वतःला कोंबून घ्यावं लागतं. ज्याचं उत्तर कुठेच मावत नाही त्याच्यासाठी शेवटी एक रकाना असतो, 'शेरा'. बोटभर रुंदीचा. पूर्वी आम्ही उत्तरं हातानं मोजायचो. उभ्या चार रेघा, त्यांना छेदणारी पाचवी. तसं मोजताना शेरा आपोआप नजरेखालून जायचा. मग ऑफिसात संगणक आला. त्याच्यावर हार घातला, पेढे वाटले. त्याला फक्त आकडे कळायचे. 'हो' म्हणजे एक, 'नाही' म्हणजे दोन. शेरा त्याला कळत नव्हता म्हणून शेरा गाळायचा असं ठरलं. तेव्हा मी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, चला, काम लवकर उरकेल.

खरं म्हणजे मला सूचना मिळाली होती. वणव्याच्याच कामात आम्ही मांजरी गावाच्या बाजूला ऊसवाल्यांकडेही गेलो होतो, कारण तेही तोडणीनंतर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवतात. एका शेतकऱ्याला मी विचारलं, "तुम्ही गेल्या वर्षभरात आग लावलीत का?" तो म्हणाला, "लावली की. पण बाई, आधी आगीला भिंत घालायची. कडंनं साफ करून घ्यायचं, मग काडी लावायची. भिंत घातली का, हे तुमी इचारलंच न्हाई." मी हसले आणि शेऱ्यात लिहून घेतलं. ते वाक्य तिथंच मेलं.

आता मुख्य गोष्ट. एक टेकडी. पायथ्याशी नवी सोसायटी, तिची उंच भिंत. भिंतीबाहेर चढाला सोसायटीवाल्यांनी आणि फिरायला येणाऱ्या मंडळींनी हौसेनं लावलेली रोपं. आणि त्याच्या वर, टेकडीच्या सपाटीवर, जुनं गाव. तीसेक घरं, म्हशी, कडब्याच्या गंज्या. गावाची शहरात उतरायची पायवाट याच रोपांमधून जायची. रोपांची देखभाल करायला एक समिती होती आणि तिचे सेक्रेटरी लेले म्हणून गृहस्थ. संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पहाटे खांद्यावर पाण्याचे कॅन घेऊन टेकडी चढणारे. माणूस प्रामाणिक होता हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याशी कडाकडा भांडले.

गावात मला भेटल्या हौसाबाई. साठीच्या, काटक, नवरा नाही, दोन म्हशी आणि एक रेडकू. टेकडीचं गवत कापून त्यांचा संसार चाले. अंगणात बसून मी प्रश्नावली उघडली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "तुमचं नाव कुठंही जाणार नाही."

"का? नावात काय खोट हाय का माज्या?"

"तसं नाही. नियम आहे."

"बरं बाई. इचारा."

"गेल्या वर्षभरात तुमच्या घरातल्या कोणी टेकडीवर गवत पेटवलं का?"

"हो तर. मीच पेटवलं. दरसाल पेटवतो आमी."

मी 'हो'वर खूण केली. त्या पुढे बरंच सांगत होत्या. थंडीत, गवतावर दव असताना, सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा गावाच्या खालच्या अंगाला आणि भिंतीच्या कडेनं असे दोन पट्टे जाळायचे. दोन्ही बाजूंनी विळ्यानं गवत कापून घ्यायचं, मधलं वरून खाली जाळत न्यायचं, माणसं ओली गोणपाटं आणि निरगुडीच्या डहाळ्या घेऊन उभी. म्हणजे उन्हाळ्यात वणवा आला तर काळ्या पट्ट्याशी येऊन मरतो, त्याला खायला काही उरत नाही. मी थोडंसं शेऱ्यात लिहिलं. बोटभर जागेत किती मावणार? मला अजून सहा घरं करायची होती.

मग सोसायटीत गेले. लेल्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली. "तुमच्या घरातल्या कोणी गवत पेटवलं का?" "नॉट ॲट ऑल! आम्ही झाडं लावतो, मॅडम." नाही. शेजारी नाही. वरचा मजला नाही. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

संगणकानं कोष्टक काढून दिलं. गावाच्या रांगेत बहुतेक 'हो', सोसायटीच्या रांगेत सगळे 'नाही'. भरीला मी टेकडी पायी फिरून जळालेल्या जागांचा नकाशा केला होता, त्यात ते दोन्ही काळे पट्टे 'जळालेलं क्षेत्र' म्हणून इमानेइतबारे रंगवले होते. अहवाल छापला गेला. कोष्टकाखाली माझं नाव होतं, आणि काय सांगू, मला त्याचा चांगला अभिमान वाटला होता. आईला नेऊन दाखवला.

समितीनं तो अहवाल हातात धरून टेकडीवर काडी ओढायला बंदी करून घेतली. पाट्या लागल्या, रखवालदार बसला. त्या थंडीत पट्टे जाळले गेले नाहीत.

फाल्गुनातल्या एका दुपारी ऑफिसात फोन आला, टेकडी पेटली. मी रिक्षानं पोचले तोवर सगळं संपलं होतं. रोपं गेली होती. गावातल्या दोन गंज्या आणि हौसाबाईंचा गोठा गेला होता. म्हशींची दावी तोडताना त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. रेडकू आतच राहिलं. त्या अंगणात, जिथं मी प्रश्न विचारले होते तिथंच, हातांना केळीची पानं गुंडाळून बसल्या होत्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "बाई, औंदा पट्टा न्हवता." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी घरी गेले नाही, ऑफिसात गेले. माळ्यावर टाकलेले अर्ज, म्हणजे भरलेल्या प्रश्नावल्या, काढले आणि शेऱ्याचा रकाना पहिल्यापासून वाचत बसले. 'पट्टा', 'पट्टा', 'दव असताना', 'भिंतीकडेनं पट्टा'. घरटी तेच. माझ्याच अक्षरात! गावानं मला सगळं सांगितलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं. आणि मग मीच ते फेकून दिलं होतं. ज्यांनी धोका ओळखून त्याचा बंदोबस्त केला त्यांना मी आग लावणारे ठरवलं होतं. लाज वाटली, साफ लाज वाटली. मग रडून झाल्यावर राग आला, आणि राग आला की माझं काम चांगलं होतं.

चार दिवसांनी लेल्यांचं पत्र संस्थेत आलं. आग गावकऱ्यांनीच लावली असणार, तुमचा अहवालच तसं सांगतो. तरी ज्यांनी 'हो' उत्तर दिलं त्यांचे अर्ज द्यावेत, नाव नसलं तरी त्यावर घर-क्रमांक असतोच, म्हणजे पोलिसांत तक्रार करता येईल. शिवाय गावाची पायवाट कुंपण घालून कायमची बंद करावी.

आमचे संचालक निमकर सर. सज्जन, मृदू, वादाला भिणारे. म्हणाले, "गायकवाड बाई, अर्ज द्यायचे की नाही, जरा विचार करू. समितीत वजनदार मंडळी आहेत."

"विचार कसला, सर? मी अंगणात बसून शब्द दिलाय. अर्ज मिळणार नाहीत."

"आणि अहवाल?"

"अहवाल चुकलाय. तसं छापा."

"अहो, असं कसं छापणार? संस्थेची अब्रू आहे!"

"हौसाबाईंचीही आहे. आणि चूक माझी आहे, माझ्या नावानं छापा. नाहीतर मी स्वतः सभेत जाऊन सांगते."

सर म्हणाले, "तुम्ही जाणारच. मग निदान पुरावा घेऊन जा." खालून सूत्रं घोकणं चालू होतं. अर्ज मी कपाटात घातले आणि किल्ली मंगळसूत्राशेजारी गळ्यात घातली. घरचे हसले. हसू देत.

पुरावा कुठून आणायचा? गावात गेले. लोक माझ्याशी बोलेनात, आणि त्यांचं बरोबरच होतं. हौसाबाई मात्र उठल्या. हात अजून बांधलेलेच. "चला," म्हणाल्या, "तुमाला आग वाचाया शिकवते."

जळलेल्या उतारावर त्यांनी मला पायानं एकेक दगड दाखवला. "बगा. दगडाच्या ज्या अंगाला काजळी, तिकडनं आग आली. मागचं अंग गोरंच ऱ्हातं." मी वाकून पाहिलं. गोठ्याजवळच्या दगडांची खालची बाजू काळी होती. आम्ही खाली उतरत गेलो. प्रत्येक दगड खालीच बोट दाखवत होता. रोपांमधून, जळक्या खुंटांमधून, थेट सोसायटीच्या भिंतीपर्यंत. तिथे, भिंतीच्या बाहेर, राखेचा मोठा ढीग होता. त्यात वाळका पाला, झेंडूच्या माळांचे दोरे आणि दुधाच्या वितळलेल्या पिशव्या होत्या. मी इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारले, आणि दगड नुसते बघितले असते तरी कळलं असतं.

सभा रविवारी सकाळी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये होती. गारेगार हॉल, मऊ खुर्च्या. लेले म्हणाले, "मॅडम, फॉर्म्स आणलेत का?"

"नाही. आणणारही नाही. मी चूक सांगायला आलेय, माझी." आणि मी सगळं सांगितलं. शेरा, संगणक, पट्टे. कोष्टकाचं पान मी त्यांच्यासमोर उभं फाडलं. तो जरा नाटकीपणा झाला, पण मला आवरलं नाही.

"म्हणजे आता तुमचा डेटा तुम्हीच नाकारताय?" लेले तापले. "रोपं आम्ही पोरांसारखी वाढवली होती! वी लॉस्ट एव्हरीथिंग. मग आग लावली कोणी?"

"ते मी नाही सांगणार. दगड सांगतील. चला टेकडीवर."

"दगड? अहो, काय बोलताय?"

"बूट घाला आणि चला."

मी दोन काळे दगड पिशवीतून आणू शकले असते. पण पुण्याच्या सभेत दगड आणले तर 'हे कशावरून त्याच टेकडीचे?' इथंच दुपार झाली असती. मीच तशी आहे, मला माहीत आहे. म्हणून दहा-बारा जणांना मी उतारावर नेलं आणि गोठ्यापासून सुरुवात केली. पहिले पाच-सहा दगड लोक हसत होते. मग हसणं थांबलं. मग लेले स्वतः पुढे झाले आणि एकेक दगड वाकून बघत खाली निघाले. भिंतीशी पोचल्यावर राखेसमोर उभे राहिले.

सोसायटीचा माळी तिथेच होता. लेल्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, धुराचा वास आत येतो म्हणून तुम्हीच सांगितलंत, भिंतीबाहेर जाळत जा. आजवर जाळ कधी वर नाही गेला. भिंतीपलीकडे सगळं काळंच असायचं."

आजवर कधी वर गेला नव्हता, कारण भिंतीकडेचा पट्टा दरवर्षी गाववाल्यांनी जाळलेला असायचा. लेल्यांनी प्रश्नावलीत 'नाही' सांगितलं ते खरंच होतं. त्यांनी गवत पेटवलं नव्हतं. पाल्याचा प्रश्न मी लिहिलाच नव्हता.

लेले हौसाबाईंकडे वळले. त्यांच्या बांधलेल्या हातांकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "आजी, चुकलो." मराठीत म्हणाले. हौसाबाई म्हणाल्या, "रेडकाचं वाईट वाटतं बगा. बाकी व्हत ऱ्हातं." मला मात्र तेव्हा रडू आलं नाही, कारण माझं काम राहिलं होतं.

तक्रार झाली नाही, कुंपण पडलं नाही. पण बंदी उठवून घ्यायला पुढचे आठ महिने गेले. बंदी घालायला एक कोष्टक पुरलं होतं. उठवायला मला चौदा वेळा कचेऱ्यांत बसावं लागलं. साहेब जेवायला गेलेत, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेबांची बदली झाली. मी डबा घेऊन जायचे. एका शिपायानं शेवटी मला स्वतःची खुर्ची दिली. निमकर सरांनी अहवालाला दुरुस्तीचं पान जोडून पुन्हा छापलं, आणि कबूल करते, त्यावर त्यांनी स्वतः सही केली. संशोधनात चूक कबूल करणाऱ्याला बढती मिळत नाही, मलाही मिळाली नाही. त्याचं मला आज काही वाटत नाही. रेडकाचं वाटतं.

त्या वर्षी मार्गशीर्षात, दव असताना, पट्टे जाळायचं ठरलं. गाव होतं, आणि सोसायटीतून लेल्यांसह सात-आठ जण ओली गोणपाटं घेऊन आले होते. त्यांच्या पँटींना कुसळं टोचत होती आणि गावच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. हौसाबाईंची बोटं अजून नीट मिटत नव्हती. काडीपेटी त्यांनी माझ्यापुढे धरली.

"वढा."

"मी? मला नाही येत."

"येतं. वरनं खाली. भिऊ नका, मी हाय."

पहिली काडी विझली. दुसरी लागली. गवत चरचरलं, आग निमूट खाली सरकत गेली, माणसं दोन्ही बाजूंनी तिच्याबरोबर चालत राहिली. ऊन वर यायच्या आत गावाच्या खाली काळा पट्टा तयार होता.

नंतर त्याच अंगणात बसून मी नवी प्रश्नावली काढली. पालापाचोळ्याचा प्रश्न होता, पट्ट्याचा होता, आणि शेऱ्याला या वेळी अख्खं पान दिलं होतं. संगणकाला कळो न कळो. पहिला अर्ज मी माझाच भरला. 'तुमच्या घरातल्या कोणी टेकडीवर गवत पेटवलं का?' या प्रश्नापुढे 'हो'वर खूण केली. मग हौसाबाईंचा अर्ज घेतला आणि नेहमीचं वाक्य सुरू केलं, "तुमचं नाव कुठंही..."

"लिवा," त्या मधेच म्हणाल्या.

"अहो, नियम आहे."

"तुमचा नियम तुमच्यापाशी. मागल्या बारीला नाव न्हवतं, तर समद्या गावावर आलं. ह्या बारीला माजं नाव लिवा. पट्टा मी जाळला."

मी तीस वर्षांच्या नोकरीत नियम एकदाच मोडला. शेऱ्याच्या पानावर, वरच्या ओळीत, मोठ्या अक्षरात त्यांचं नाव लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी कागद हातात घेऊन त्यांनी ती ओळ बघितली, भाजलेल्या बोटानं ती पुसली जातेय का ते तपासलं, आणि म्हणाल्या, "आता इचारा."